कंपवातावर विजेचा उपाय



आमच्या मीरारोडला सायंकाळीं बागेंतल्या बांकांवर निवृत्त मंडळी बसतात. रक्तदाब आणि मधुमेह यांच्या जोडीस आतां तेथें पार्किन्सनच्या विकाराचें, म्हणजे कंपवाताचें, नांवही ऐकूं येतें. त्यावर मेंदूंत तारा घालून वीज सोडतात, हें ऐकून कोणी घाबरतो, तर कोणी रोग समूळ गेला असें मानतो. या उपायाचें खरें स्वरूप काय, तें आज पाहूं.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं या रोगाचें वर्णन केलें. मेंदूच्या खालच्या भागांत काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेथें डोपामीन नांवाचें द्रव्य तयार होतें व त्यावर आपल्या हालचालींचा ताल अवलंबून असतो. त्या पेशी झिजल्या म्हणजे हात कांपतो, अंग ताठरतें, अक्षर बारीक होत जातें, पाऊल लवकर उचलत नाहीं. लेव्होडोपा हें औषध ही उणीव भरून काढतें.

पहिलीं कांहीं वर्षें गोळी उत्तम लागू पडते. पुढें तिचा अंमल लवकर उतरूं लागतो. सकाळीं आठ वाजतां घेतलेली गोळी अकराच्या सुमारास संपते आणि माणूस खुर्चींत खिळून बसतो. मात्रा वाढवावी, तर हातपाय आपोआप वळवळूं लागतात. स्टेशनच्या पुलावर गर्दींत मध्येंच पाय जमिनीस चिकटले, तर त्या माणसाची काय अवस्था होत असेल? अशा रोग्यांसाठीं ही शस्त्रक्रिया आहे.

पूर्वीं कंप थांबविण्याकरितां मेंदूचा एक सूक्ष्म भाग जाळून नष्ट करीत. १९८७ सालीं फ्रान्समधील ग्रनोब्ल शहरीं डॉक्टर बेनाबिद हे जागेची खात्री करण्यासाठीं तेथें सौम्य वीज सोडून पाहत होते. स्पंदनें सेकंदास शंभरच्या घरांत जातांच कंप थांबला. वीज बंद करतांच तो परतला. जें जाळून साधावयाचें, तें न जाळतां साधलें, आणि माघार घेण्याची वाटही मोकळी राहिली !

आज एम्. आर्. आय्. चित्रांवरून नेमकी जागा ठरवितात, कवटीस लहान छिद्र पाडतात आणि सव्वा मिलिमीटर जाडीची तार आंत नेतात. मेंदूस स्वतःला वेदना नसते. म्हणून पुष्कळदां रोग्यास जागें ठेवून मूठ उघडमीट करावयास सांगतात. मग छातीच्या वरच्या बाजूस कातडीखालीं बॅटरी बसवितात. साधी बॅटरी तीन ते पांच वर्षांनीं बदलावी लागते. पुनः पुनः भरतां येणारी पंधरा वर्षेंही टिकते. विजेचें प्रमाण मात्र कित्येक महिने बाहेरून जुळवीत राहावें लागतें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. यानें रोग बरा होत नाहीं. पेशींची झीज चालूच राहते. वाढतात ते दिवसांतले चांगले तास. सामान्य नियम असा कीं, गोळीनें जें लक्षण सुधारतें तेंच तारेनें सुधारतें. अपवाद कंपाचा, तो गोळीस दाद देत नसला तरी तारेस देतो. विस्मरण, अस्पष्ट वाणी, तोल जाणें यांवर हा इलाज नव्हे ; वाणी क्वचित् अधिकच बिघडते. रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचा धोका थोडा असला तरी खरा आहे, आणि खर्च कित्येक लाखांचा आहे. म्हणून डॉक्टर आधीं गोळी थांबवून व मग देऊन फरक मोजतात, स्मृति तपासतात, आणि कित्येकांस 'नको' म्हणून सांगतात. हा नकार म्हणजे हेळसांड नव्हे. तोही उपचाराचाच एक भाग आहे.

मुंबईंत जसलोक रुग्णालयांत डॉ. परेश दोशी यांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस हें काम सुरू केलें. रोगी व त्यांचे आप्त यांना आधार देणारी पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसॉर्डर सोसायटी ही संस्थाही २००१ पासून याच शहरांत कार्य करीत आहे.

ज्या घरीं असा रोगी असेल, त्यांनीं आठवडाभर एक वही ठेवावी. गोळी किती वाजतां घेतली, किती वेळ चालली, हातपाय केव्हां वळवळले, हें तींत लिहावें. डॉक्टरांस त्या वहीचा मोठा उपयोग होईल, आणि निर्णय भीतीनें किंवा भाबड्या आशेनें न होतां विचारानें होईल.