दामदुपटीचे दोन अर्थ

जुन्या हिंदू कायद्यात 'दामदुप्पट' नावाचा एक नियम होता. कर्ज कितीही वर्षे थकलेले असो, सावकाराने एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये, असे तो नियम सांगत असे. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो लागू केला. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या व्याज चुकविणाऱ्या कुळाला कोठेतरी थांबण्याची जागा मिळाली. दामदुप्पट ही सावकाराच्या लोभाला घातलेली मर्यादा होती.

शब्द टिकला, अर्थ मात्र फिरला. आज दामदुप्पट म्हटले, की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे कुळ उभे राहत नाही. ठेव उभी राहते. ठरावीक काळात पैसे दुप्पट करून देणारी पेढी, कंपनी किंवा 'योजना' असा त्याचा आजचा अर्थ आहे. या दुसऱ्या अर्थाने ज्यांची घरे पोखरली, त्यांत निवृत्त शिक्षक, कचेऱ्यांतील कारकून आणि हातात नुकताच पहिला पगार पडलेले तरुण मोठ्या संख्येने आहेत. ही माणसे अडाणी नाहीत. त्यांतील कित्येकांनी आयुष्यभर मुलांना चक्रवाढ व्याजाची उदाहरणे शिकविली. तरीही ती फसली, आणि ती का फसली याचा विचार त्यांना लोभी म्हणून मोकळे होण्यापेक्षा अधिक उपयोगाचा आहे.

सरकारी दुप्पट

दुप्पट होण्याची सवय या वर्गाला प्रथम लावली ती कोणा भामट्याने नव्हे, तर पोस्ट खात्याने. १९८६ मध्ये इंदिरा विकास पत्रे निघाली. त्यांतील रक्कम पाच वर्षांत दुप्पट होत असे. १९८८ मध्ये किसान विकास पत्र आले. त्याची मुदत साडेपाच वर्षे होती. या व्यवहारात गैर काही नव्हते. साडेपाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे साडेतेरा टक्के चक्रवाढ व्याज, आणि ते देण्याची हमी सरकारची होती. मुलीच्या लग्नाचा, मुलाच्या शिक्षणाचा हिशेब अनेक घरांनी या पत्रांवर बसविला.

पुढे व्याजाचे दर उतरले. २०११ मध्ये किसान विकास पत्र बंद झाले, २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याची दुपटीची मुदत ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक ठरली. साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाला सत्तरीच्या दाराशी नेऊन सोडणारी ही दुप्पट आहे. औषधांचा आणि घरभाड्याचा खर्च मात्र एवढ्या संथ गतीने वाढत नाही. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती पडते, बँकेतील व्याजात महिना भागत नाही, आणि नेमक्या याच वेळी कोणीतरी ओळखीचा माणूस 'महिन्याला शेकडा दहा' असे शब्द उच्चारतो. अशा वेळी मनात जागी होते ती चैनीची हाव नव्हे; महिना पुरा पडावा एवढीच इच्छा असते.

हप्ता येतो कोठून?

महिन्याला शेकडा दहा, या आश्वासनामागचे गणित चौथीच्या मुलालाही करता येईल. समजा, एकाने एक लाख रुपये दिले आणि पेढीने ते कोणत्याही धंद्यात न घालता कपाटात ठेवले. पहिल्या महिन्यात ती त्याला दहा हजार देते, दुसऱ्या महिन्यात दहा हजार देते. असे दहा महिने तिला एक पैसाही कमवावा लागत नाही. ठेवीदाराच्या हाती व्याज म्हणून जे पडत असते ते त्याचेच मुद्दल असते. तो मात्र याच दहा महिन्यांच्या अनुभवावर विसंबून भावाला, मेव्हण्याला आणि शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला घेऊन येतो. अकराव्या महिन्यापासून त्याला जे मिळते ते या तिघांचे मुद्दल असते.

आठवड्याला शेकडा सहा हा दर तर याहून बोलका आहे. एक लाख रुपये या दराने चक्रवाढ पद्धतीने वाढले, तर बावन्न आठवड्यांच्या अखेरीस त्यांचे वीस लाखांहून अधिक होतात. जगात असा धंदा खरोखरच कोणाला सापडला असता, तर त्याने परक्यांच्या ठेवी कशाला गोळा केल्या असत्या? त्याला वर्षभर वाट पाहणे पुरेसे होते. असे असूनही २०२५ च्या जानेवारीत मुंबईत दादरच्या गजबजलेल्या बाजारात एका दागिन्यांच्या दालनापुढे शेकडो माणसे आपल्या पैशांसाठी जमली होती. खड्यांच्या खरेदीबरोबर दर आठवड्याला परतावा देण्याचे आश्वासन त्यांना मिळाले होते, आणि काही काळ तो परतावा मिळालाही होता.

'प्रत्येकाने दोन सभासद आणावेत' या पद्धतीचे गणितही असेच आहे. एकाचे दोन, दोघांचे चार, असे करीत सव्विसाव्या पायरीवर पोहोचले, की केवळ त्या पायरीवर नव्याने यावी लागणारी माणसे सहा कोटी एकाहत्तर लाख होतात, आणि आरंभापासूनची एकूण संख्या तेरा कोटींच्या पुढे जाते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख होती. साखळी कोठेतरी तुटणार हे यात आहेच. पण अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. साखळी कोणत्याही पायरीवर तुटली, तरी त्या क्षणी निम्म्याहून अधिक सभासद शेवटच्या पायरीवर असतात, आणि त्यांच्याखाली कोणीही नसते. अशा योजनेत बहुसंख्यांचे नुकसान हा अपघात नसतो. तिची रचनाच तशी असते.

या साऱ्याला ज्याचे नाव चिकटले तो चार्ल्स पाँझी १९२० मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात पंचेचाळीस दिवसांत शेकडा पन्नास नफा देत होता. परदेशी टपालाची कूपने स्वस्तात घेऊन महाग विकतो, असे तो सांगे. वृत्तपत्राने जेव्हा हिशेब मांडला, तेव्हा त्याच्याकडे आलेल्या रकमेला पुरी पडण्यासाठी सोळा कोटी कूपने चलनात असावी लागली असती असे दिसले. प्रत्यक्षात ती सत्तावीस हजारांच्या आसपास होती. पाँझी पैसे देतो की नाही, हा प्रश्न या हिशेबात नव्हता, कारण तो देतच होता. पैसे येतात कोठून, एवढेच त्यात विचारले होते.

कलकत्त्याचा धडा

आपल्या देशात हा प्रश्न उशिरा विचारला गेला, आणि विचारल्यानंतरही कायदा तोकडा पडला. बक्षीस भिशा आणि पैशांच्या साखळी योजना यांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९७८ मध्ये झाला. त्यापूर्वीच, १९७५ च्या जुलैमध्ये, कलकत्त्यात 'संचयिता इन्व्हेस्टमेंट्स' ही भागीदारी पेढी निघाली होती. तिचे भांडवल अवघे सात हजार रुपये होते. कागदावर ती शेकडा बारा व्याज देई. प्रत्यक्षात रोखीने शेकडा अठ्ठेचाळीस आणि पुढे छत्तीस टक्क्यांपर्यंत देत असल्याचे उघडकीस आले. १९८० च्या डिसेंबरात छापे पडले, तोवर कोट्यवधी रुपयांच्या ठेवी जमल्या होत्या.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने १९८२ मध्ये १९७८ च्या कायद्याखालील ती फिर्याद रद्द ठरविली. साखळी योजना ठरण्यासाठी सभासदांच्या भरतीशी किंवा तत्सम घटनेशी निगडित असलेला झटपट पैसा असावा लागतो. केवळ भरमसाट व्याज देणे हा त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. कायद्याच्या शब्दांचा विचार करता निर्णय काटेकोर होता. परंतु पेढी चालविणारी पुढची पिढी यातून जे शिकली ते ठेवीदार शिकले नाहीत. एका व्याख्येत अडकावयाचे नसेल, तर योजनेचे नाव बदलावे, हे चालकांना कळले.

त्यानंतर नावे बदलत गेली. नव्वदीच्या दशकात सागाची रोपे आली, जमीन आली, शेळीपालनही आले. १९९९ मध्ये भांडवल बाजार नियामक 'सेबी'ने सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम केले. तरीही शेतजमिनीच्या नावाखाली पर्ल्स समूहातील पीएसीएल या कंपनीने पाच कोटींहून अधिक लोकांकडून सुमारे ४९ हजार कोटी रुपये गोळा केले. सेबीने ते परत करण्याचा आदेश २०१४ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून माजी सरन्यायाधीश राजेंद्र मल लोढा यांची समिती २०१६ मध्ये नेमली गेली, आणि तिला जमिनी विकून अल्प रकमांच्या दाव्यांपासून परतफेडीला आरंभ करावा लागला. दैनंदिन मजुरीतून आठवड्याला शंभर रुपये भरणाऱ्याला आपली पावती जपून ठेवण्यापलीकडे दुसरे काही हाती नव्हते.

ओळखीच्या माणसाची जामीनकी

अशा योजना जाहिरातींवर जगत नाहीत. त्या नात्यांवर जगतात. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुटीत एकजण पासबुक उघडून दाखवितो. 'सर, मला मिळालेत. तुम्हीही ठेवा,' एवढेच तो म्हणतो, आणि ते खरे असते. दलालाचा शब्द माणूस पारखून घेतो. वीस वर्षे शेजारी बसणाऱ्याचा शब्द पारखण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. चाळीतील आणि कचेरीतील भिशी याच विश्वासावर चालते. बारा जणांनी महिन्याला हजार-हजार रुपये घालावेत आणि दर महिन्याला एकाने बारा हजार उचलावेत, या व्यवहारात कोणाच्याही पैशाला पाय फुटत नाहीत. जेवढे येते तेवढेच जाते. भिशीने कमावलेली पत या योजना फुकटात वापरतात. भिशीत कोणालाही घातल्यापेक्षा जास्त मिळत नाही, हा भेद मात्र कोणी सांगत नाही.

नुकसान झाल्यावर हेच नाते तोंड बंद करते. ज्याने मेव्हण्याला आणले तो मेव्हण्याच्या नजरेला नजर देत नाही. शिवाय १९७८ चा कायदा योजना चालविणाऱ्यालाच नव्हे, तर तिचा सभासद होणाऱ्यालाही मनाई करतो, हे कळल्यावर तक्रार नोंदविण्याचे उरलेसुरले धैर्यही जाते. पहिले ठेवीदार गप्प बसतात, म्हणून नवे येत राहतात. पेढी बंद पडण्याआधीचे शेवटचे काही महिने या मौनावरच चालतात, आणि सर्वांत मोठ्या रकमा, म्हणजे निवृत्तीच्या, बहुधा याच महिन्यांत येतात.

कायदा आहे, पण

महाराष्ट्राने १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितसंबंधांचे रक्षण करणारा स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार बुडविणाऱ्या संस्थेची मालमत्ता जप्त करता येते आणि विशेष न्यायालयामार्फत ती ठेवीदारांत वाटता येते. २०१९ मध्ये केंद्राने अनियंत्रित ठेव योजनांवरच बंदी घालणारा कायदा केला. रिझर्व्ह बँकेने २०१६ पासून 'सचेत' हे संकेतस्थळ चालविले असून, ठेव घेणाऱ्या संस्थेला तशी परवानगी आहे की नाही हे तेथे पाहता येते व तक्रारही करता येते. यांतील जप्तीची तरतूद मोलाची आहे. परंतु जप्तीला काही उरलेले असावे लागते. ठेवीदार जेवढ्या लवकर येईल तेवढे अधिक उरते.

आणखी एक गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. बँकेतील ठेवींना विम्याचे संरक्षण आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. १९६२ मध्ये हा विमा दीड हजार रुपयांचा होता. १९९३ मध्ये तो एक लाख झाला, आणि २०२० मध्ये एकदम पाच लाख. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था मात्र येत नाहीत. दारावरच्या पाटीत 'सहकारी' हा शब्द दोघींच्याही नावात असतो, आणि निवृत्त माणूस बऱ्याचदा त्या एका शब्दावर सही करतो. पतसंस्था वाईट असते असे नव्हे. नोकरदारांच्या कित्येक संस्था दशकानुदशके सचोटीने चालल्या आहेत. पण तेथे ठेवलेल्या रकमेमागे विमा नाही, हे ठेवताना माहीत असले पाहिजे.

जुन्या दामदुपटीचा नियम घालणाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली होती. व्याज कोणाच्या तरी श्रमातून येते, आणि त्या श्रमाला अंत असतो. म्हणून व्याजालाही अंत असला पाहिजे. पैसे देणाऱ्याने पैसे फेडणाऱ्याची कुवत पाहावी, हे त्या नियमाचे सार होते. आज पैसे देणारा शिक्षक आहे, कारकून आहे, आणि फेडणारी पेढी काय करून फेडणार हे विचारण्याचा त्याचा अधिकार कोणीही काढून घेतलेला नाही. मधल्या सुटीत पासबुक पुढे आले, की 'तुम्हाला मिळाले का' हा प्रश्न पुरेसा नसतो. 'ते तुम्हाला देतात ते कोठून आणून देतात' हे विचारावे. सांगणाऱ्याला उत्तर देता आले नाही, तर त्यात त्याचा अपमान नाही. कदाचित त्याच संध्याकाळी तोही आपली रक्कम मागावयास जाईल.