अंगठा आधी सुटला पाहिजे

रविवारी संध्याकाळी मॉलमधल्या बोलिंग अ‍ॅलीत दहा मिनिटं नुसतं उभं राहून आवाज ऐकावेत. नीट सोडलेला बॉल लेनवर उतरताना फारसा आवाज करत नाही. पण मध्येच ‘धप्प’ असं होतं, बॉल गुडघाभर उंचीवरून आदळतो, टाकणारा अंगठा चोळत मागे वळतो आणि बॉल गटरात जातो. मित्र म्हणतात, ‘जोर कमी पडला.’ जोर भरपूर होता. अंगठा उशिरा सुटला, एवढंच झालं.

आपल्याकडे बोलिंग म्हटलं की आधी क्रिकेट आठवतं आणि चेंडू कसा पकडायचा, मनगट कुठे वळवायचं यावर कट्ट्याकट्ट्यावर तज्ज्ञ भेटतात. दहा पिनांच्या बोलिंगमध्येही सगळी करामत पकडीची आणि सोडण्याची आहे. फक्त इथे चेंडू सात किलोपर्यंत जड असतो, त्याला तीन भोकं असतात आणि पुढची गोष्ट हवेत घडत नाही, तेलात घडते.

होय, तेलात. बॉल सोडण्याच्या रेषेपासून, म्हणजे फाउल लाइनपासून, पहिल्या पिनपर्यंतचं अंतर ६० फूट. त्यातल्या सुरुवातीच्या साधारण ४० फुटांवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो, बहुतेक ठिकाणी मधोमध जाड आणि कडेला विरळ. शेवटचे २० फूट कोरडे. पूर्वी लाकडी लेन झिजू नये म्हणून तेल लावत. आज सारा खेळच त्या तेलाभोवती फिरतो.

सरळ का नको?

नवख्याला वाटतं, पहिल्या पिनच्या नाकावर सरळ बॉल मारला की काम झालं. पण तसा मारला की बऱ्याचदा दोन्ही टोकांना पिना उभ्या राहतात. स्ट्राइकची, म्हणजे एकाच फटक्यात दहाही पिना पाडण्याची, जागा थोडी बाजूला असते. उजव्या हाताच्या खेळाडूसाठी ती पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधली फट. तिथेही बॉल तिरका घुसावा लागतो, सुमारे सहा अंशांनी. मग तो पहिल्या पिनला धडकून फारसा बाजूला न ढकलला जाता आत शिरतो. आदर्श स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः चारच पिनांना शिवतो: पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. उरलेल्या सहा पिना एकमेकींना पाडतात.

आता अडचण बघा. लेन जेमतेम साडेएकेचाळीस इंच रुंद. अगदी उजव्या कडेवरून सरळ रेषेत बॉल टाकला तरी त्या फटीशी त्याचा कोन जास्तीत जास्त दीड अंश भरतो. उरलेले अंश वाटेत वळूनच मिळवायला हवेत.

घसरणारं चाक

पावसाळ्यात घाटात कुणी करकचून ब्रेक दाबला की चाकं थांबतात, पण गाडी घसरत पुढे जाते. हातातून सुटलेला बॉल थोडाफार असाच असतो. त्याचा वेग सेकंदाला आठ मीटर धरू. बॉलचा घेर जास्तीत जास्त २७ इंच. या वेगाने न घसरता, चाकासारखं लोळत जायचं तर त्याने मिनिटाला सुमारे ७०० फेरे घ्यायला हवेत. चांगला हौशी खेळाडू त्याला ३०० च्या आसपास फेरे देतो. म्हणजे सुटतो तेव्हा बॉल फिरतोही आणि घसरतोही. तेलावर घर्षण कमी, म्हणून घसरणं बराच वेळ टिकतं. कोरड्या भागात येताच लेन त्याला पकडते, तो वळतो आणि शेवटी लोळू लागतो.

वळतो कुठे, हे फिरण्याच्या दिशेवर अवलंबून. उजव्या हाताची बोटं बॉलच्या उजव्या अंगाने वर गेली की बॉलचा तळ उजवीकडे घासू लागतो. घर्षण त्याला उलट, डावीकडे रेटतं.

या घसरण्या-लोळण्याचं गणित जुनं आहे. भूगोलाच्या पुस्तकात मोसमी वाऱ्यांच्या वळणापाशी ज्याचं नाव येतं, त्याच फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिसने १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या चेंडूंवर एक आख्खा ग्रंथ लिहिला. भरीव, एकजिनसी गोळा अजिबात न फिरता घसरत निघाला, तर लोळायला लागेपर्यंत त्याचा वेग मूळ वेगाच्या पाच-सप्तमांश उरतो. गंमत अशी की या उत्तरात घर्षण किती होतं याला जागाच नाही. घर्षण जास्त असेल तर हे लवकर घडतं, कमी असेल तर उशिरा. शेवट तोच.

तेच गणित आपल्या बॉलला लावून पाहू. वेग आठ मीटर, ३०० फेरे आणि फिरण्याची दिशा पुढे आणि बाजूला निम्मी-निम्मी, म्हणजे ४५ अंशांवर. पूर्ण लोळू लागेपर्यंत हा बॉल आपल्या मूळ दिशेपासून सुमारे सहा अंश वळतो. फेरे १५० वर आणा, वळण तीन अंशांच्या थोडं पुढे थांबतं. खरा बॉल एकजिनसी नसतो, त्यामुळे हा अंदाजच. पण त्यातून मुद्दा स्पष्ट होतो: कुठे वळायचं ते तेल ठरवतं, किती वळायचं ते हाताने आधीच ठरवलेलं असतं.

वीत आणि भोक

हाताला हे ठरवायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही अवकाश मिळत नाही. हात खाली झुलत येतो, आधी अंगठा निसटतो, बॉलचं सगळं वजन मधलं बोट आणि अनामिका यांच्यावर येतं आणि ती बोटं बॉलच्या खालून कडेला येत त्याला फिरवून सोडतात. तिन्ही बोटं एकदम सुटली तर बॉलला वेग मिळतो, फिरकी मिळत नाही. अंगठा अडकला तर बॉल वर उचलला जाऊन आदळतो.

म्हणून हौशी मंडळी बॉल आपल्या हातावरून भोकं पाडून घेतात. पहिलं माप स्पॅनचं, म्हणजे अंगठा आणि बोटांच्या भोकांमधल्या अंतराचं. ही आपली वीतच समजा, फक्त करंगळीऐवजी मधल्या दोन बोटांपर्यंत मोजलेली. वीत लांब झाली तर अंगठा ताणला जाऊन भोकाच्या कडेला रुततो, आखूड झाली तर हाताला मूठ आवळावी लागते. दुसरं माप भोकाच्या कलाचं. अंगठ्याचं भोक तळहाताकडे झुकवलं की पकड धरून राहते, उलट बाजूला झुकवलं की अंगठा चटकन मोकळा होतो. अ‍ॅलीतल्या बॉलमध्ये बोटं दुसऱ्या पेरापर्यंत जातात. सरावलेले खेळाडू ती पहिल्याच पेरापर्यंत घालतात, त्यामुळे अंगठा गेल्यावर बोटांना फिरवायला चांगली तरफ मिळते.

घट्ट भोक निदान ताबडतोब दुखतं. सैल भोक जास्त फसवं. बॉल पडेल या भीतीने हात नकळत आवळतो, दंडापर्यंतचे स्नायू ताठरतात, मोकळा झोका अडखळतो आणि सैल भोकातूनही अंगठा उशिराच सुटतो. त्यात अंगठा दिवसभर एका मापाचा राहत नाही. खेळता खेळता फुगतो, एसीत आखडतो. म्हणून खेळाडूंच्या पिशवीत चिकटपट्ट्या असतात. भोकात एक लावायची, एक काढायची, असं संध्याकाळभर चालतं.

बॉलच्या पोटातही बरंच असतं. महागड्या बॉलमध्ये वेड्यावाकड्या आकाराचा जड गाभा असतो. त्यामुळे डुलणाऱ्या भोवऱ्यासारखा त्याचा आस वाटेत सरकत जातो आणि दर फेऱ्याला बॉलचा नवा, तेल न लागलेला पट्टा लेनला टेकतो. परत आलेल्या बॉलवर तेलाची वलयं पंख्यासारखी पसरलेली दिसतात ती यामुळे. अ‍ॅलीतल्या साध्या पॉलिएस्टर बॉलवर ती एकावर एकच बसतात. पण गाभा कितीही भारी असला तरी त्याला फिरवणारी बोटंच.

अडकणाऱ्या अंगठ्यावरचा सगळ्यात धीट उपाय जेसन बेलमोंटी या ऑस्ट्रेलियन खेळाडूने जगाला दाखवला. तो अंगठा भोकात घालतच नाही. दोन बोटं आत आणि दुसऱ्या हाताचा आधार. जे सोडवायचंच नाही ते अडकणार कसं? सुरुवातीला या दोन हाती शैलीला बरीच नाकं मुरडली गेली. २०२३ पर्यंत त्याच्या नावावर व्यावसायिक सर्किटच्या १५ मोठ्या स्पर्धांची विक्रमी विजेतेपदं जमली होती.

आपल्याला इतकं धाडस नको. पण पुढच्या वेळी एक चूक टाळता येईल. हलका बरा म्हणून मोठी माणसं आठ पौंडांचा बॉल उचलतात. हलके बॉल मुलांच्या हातांसाठी असतात आणि त्यांची भोकंही तशीच लहान. अंगठा तिथेच अडकतो. रॅकपाशी उभं राहून आधी अंगठा पूर्ण आत घालावा आणि जागच्या जागी फिरवून पाहावा. कातडी नुसती घासली पाहिजे, ओढली जाता कामा नये. मग वजन. रंग सगळ्यात शेवटी.