विद्युत्घटांची जुंपणी

ज्ञानेश्वर महाराजांनीं ज्या रेड्यामुखीं वेद वदविले, त्याच्या समाधीचें आळें वाचकांस ठाऊकच आहे. जुन्नर-आंबेगांवच्या या मुलखांत बैलगाड्यांच्या शर्यतींचें वेड पिढीजात. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या बंद केल्या. २०२१ च्या डिसेंबरांत परवानगी मिळाली व मे २०२३ च्या निकालानें ती कायम झाली. अशा गांवच्या मुलाच्या हातीं विजेची छोटी मोटार आली, तर ती नुसती चालवून त्याचें समाधान कसें व्हावें? आळ्यास राहणाऱ्या आमच्या बंधूंच्या मुलानें एका सेलच्या जागीं दोन घालण्याचें ठरविलें. प्रश्न एवढाच, कीं ते जोडावे कसे?

येथील गाड्यास दोन बैल पुढें व दोन मागें जुंपतात. तोच दाखला घेण्याचा मोह होतो. परंतु पाण्याचा अधिक बरा. हंड्यावर हंडा चढवून जोडिला, तर पाण्याची उंची व म्हणून जोर वाढतो. शेजारीं ठेवून तळाशीं नळीनें जोडिला, तर जोर तोच राहतो, सांठा वाढतो.

लिथियम-पॉलिमर जातीच्या सेलचा दाब सामान्यतः ३.७ व्होल्ट असतो. सांठा २,००० मिलिअँपिअर-तास धरूं. एकाचें धन टोंक दुसऱ्याच्या ऋण टोंकास जोडिलें, म्हणजे एकसर जोडणी केली, कीं ७.४ व्होल्ट मिळतात. सांठा २,००० च. धनास धन व ऋणास ऋण अशा समांतर जोडणींत दाब ३.७ व सांठा ४,०००. दोहोंकडे ऊर्जा १४.८ वॉट-तासच! तारा फिरवून ती वाढत नाहीं.

तरी शर्यतींत ओढा एकसर जोडणीकडेच असतो, कारण मोटरचे फेरे दाबाबरोबर वाढतात. शिवाय तेवढ्याच शक्तीस निम्मा प्रवाह पुरतो, व तारेंत उष्णतारूपानें वायां जाणारी ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते. मोटर व तिचा नियंत्रक तो दाब सोसणारा हवा, हें उघडच. मालिकेंत एखादा सेल दुबळा असला, तर तो आधीं रिता होतो व बाकीचे त्याला तसाच रेटीत नेतात. ३ व्होल्टांच्या फार खालीं गेलेला सेल बहुधा कायमचा बिघडतो.

पुतण्यास समांतर जोडणी निर्धास्त वाटली. दाब वाढत नाहीं ना! त्यानें नुकताच भरलेला ४.२ व्होल्टचा सेल व खेळून उतरलेला ३.३ व्होल्टचा सेल यांचीं टोंकें जुळविलीं. मोटर जोडलेलीही नव्हती; तरी तारा हातांत धरवेनात. प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध शतांश ओहम धरिला, तरी ०.९ व्होल्टच्या फरकानें पहिल्या क्षणीं ४५ अँपिअरचा लोंढा एकांतून दुसऱ्यांत शिरतो. दोन हंड्यांतील पाणी सम होतें तसेंच हें, पण मधली नळी भलतीच रुंद! उतरलेला सेल फुगला. बंधूंनीं तो वाळूच्या डब्यांत घालून अंगणाच्या कोंपऱ्यांत ठेविला, व वहिनींनीं दिवसभर त्यावरची नजर हलविली नाहीं.

सेल एकाच जातीचे, एकाच सांठ्याचे व एकाच वयाचे घ्यावे. समांतर जोडण्यापूर्वीं दोहोंचा दाब मोजून सम करावा. एकसर मालिका भरतांना प्रत्येक सेलचा दाब स्वतंत्र राखणारेंच यंत्र वापरावें, आणि घरीं कोणी नसतां तें लावूं नये. पुतण्याची मोटार सध्यां एकाच सेलवर धांवते. दाबमापक आल्यावर पुढचें पाहूं, असा बापलेकांत करार झाला आहे.