चेहऱ्यावरील त्वचाकर्करोग : उच्छेदन आणि पुनर्रचना

प्रस्तावना :

चेहऱ्यावरील कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत शल्यविशारदासमोर दोन मागण्या एकाच वेळी उभ्या राहतात आणि त्या परस्परविरोधी असतात. रोग निःशेष काढावयाचा तर सभोवतालची त्वचा सढळ हाताने काढणे इष्ट. चेहरा राखावयाचा तर ती कमीत कमी काढणे इष्ट. पाठीवरची त्वचा एक सेंटिमीटर अधिक गेली तर केवळ व्रण मोठा राहतो. तेवढीच त्वचा खालच्या पापणीवरून गेली तर डोळा नीट मिटत नाही, ओठावरून गेली तर लाळ व अन्न तोंडात राहत नाही. या दोन मागण्यांचा मेळ आधुनिक शल्यशास्त्राने कसा घातला आणि त्यात कोणता क्रम पाळणे अत्यावश्यक आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रोगाचे स्वरूप :

त्वचेच्या कर्करोगांत बेसल सेल कार्सिनोमा, स्क्वेमस सेल कार्सिनोमा आणि मेलॅनोमा हे तीन प्रकार प्रमुख होत. पैकी पहिला चेहऱ्यावर, विशेषतः नाक व डोळ्यांच्या परिसरात, अधिक आढळतो. डब्लिनचे आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे कुरतडल्यासारख्या दिसणाऱ्या त्याच्या जखमेवरून ‘रोडंट अल्सर’ हे नाव रूढ झाले. तो शरीरात अन्यत्र क्वचितच पसरतो; परंतु जेथे असतो तेथे कूर्चा आणि अस्थीपर्यंत पोखरत जातो. स्क्वेमस सेल कार्सिनोमा मानेतील लसीकाग्रंथींत पसरू शकतो, आणि कान व ओठ या जागी त्याची भीती अधिक असते. मेलॅनोमाचे निकष वेगळे असल्याने तो विषय येथे बाजूला ठेवला आहे.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे या रोगांचे मुख्य कारण. त्वचेतील मेलॅनिन या किरणांना अटकाव करीत असल्यामुळे भारतात या रोगांचे प्रमाण गोऱ्या वर्णाच्या लोकसमूहांच्या मानाने बरेच कमी आहे. मात्र या वस्तुस्थितीची एक दुसरी बाजू आहे. रोग विरळ म्हणून संशयही विरळ. भारतीय रुग्णांत बेसल सेल कार्सिनोमा पुष्कळदा काळसर रंगाचा असतो, दुखत नाही आणि सावकाश वाढतो. साहजिकच तो तीळ किंवा चामखीळ समजला जातो, मलमे लावली जातात आणि वर्षे निघून जातात. बायॉप्सी हाच निदानाचा आधार होय.

निरोगी कड कोठे सुरू होते?

डोळ्यांना दिसणारी गाठ आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी गाठ यांच्या सीमा एक नसतात. म्हणून दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, स्पष्ट कडा असलेल्या बेसल सेल कार्सिनोमाभोवती साधारणतः ४ मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचा काढली जाते. एवढ्या अंतराने सुमारे ९५ टक्के गाठी पूर्णपणे निघतात, असे १९८७ मधील एका अभ्यासात दिसून आले होते. उरलेल्या पाच टक्क्यांचे काय, हा खरा प्रश्न आहे.

काढलेला तुकडा विकृतिवैज्ञानिकाकडे जातो. प्रचलित पद्धतीत पावाचे काप करावेत तसे त्याचे उभे छेद घेतले जातात आणि त्यांपैकी काहींचीच तपासणी होते. परिणामी संपूर्ण कडेचा एक टक्क्याहूनही कमी भाग प्रत्यक्षात पाहिला जातो. दोन कापांच्या मध्ये रोगाचा एखादा बारीक फाटा कडेपर्यंत पोहोचला असेल, तर ‘कडा रोगमुक्त’ असा अहवाल येऊनही रोग मागे राहतो.

या अडचणीवरील उपाय अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे फ्रेडरिक मोज यांनी १९३० च्या दशकात शोधला आणि १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. आरंभी ते झिंक क्लोराइडचा लेप लावून त्वचा जागेवरच घट्ट करीत आणि मग थर कापीत. ही क्रिया वेदनादायक असे. कालांतराने लेप मागे पडला आणि ताज्या ऊतकाचे थर गोठवून तपासण्याची रीत आली. गाठीखालून बशीच्या आकाराचा पातळ थर तिरका कापून घेतात. त्याच्या कडांना निरनिराळ्या रंगांच्या खुणा करतात व तसाच नकाशा कागदावर काढतात. मग तो थर असा दाबून सपाट करतात की, तळ आणि कड एकाच पातळीत येतात. त्यामुळे सबंध सीमा एका आडव्या छेदात दिसते. रोग उरला असल्यास नकाशावरून नेमकी जागा कळते आणि तेवढ्याच ठिकाणी पुढचा थर घेतला जातो.

चेहऱ्यावरील बेसल सेल कार्सिनोमासंबंधी नेदरलँड्समधील तौलनिक चाचणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुन्हा उद्भवलेल्या गाठींत साध्या शस्त्रक्रियेनंतर १३.५ टक्के, तर मोज पद्धतीनंतर ३.९ टक्के रुग्णांत रोग परतला. प्रथमच उद्भवलेल्या गाठींत हे आकडे १२.२ आणि ४.४ होते, मात्र तेथील फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक ठरला नाही. तेव्हा प्रत्येक लहान गाठीसाठी या खर्चिक पद्धतीचा आग्रह धरणे अनाठायी ठरेल.

पुनर्रचना :

जखम झाकण्याची घाई हा या क्षेत्रातील सर्वांत महाग पडणारा दोष म्हणावा लागेल. शेजारची त्वचा फिरवून जखमेवर बसविली की मूळ कडा जागेवर राहत नाहीत. नंतर ‘एका कडेत रोग शिल्लक’ असा अहवाल आल्यास ती कड आता कोठे आहे हे सांगणे दुष्कर होते. शिवाय जाड त्वचेखाली रोग वर्षानुवर्षे नकळत वाढू शकतो.

कडा निर्वेध असल्याची खात्री झाल्यावर पर्याय अनेक असतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यासारख्या खोलगट जागेची लहान जखम नुसत्या मलमपट्टीनेही सुरेख भरते. सैल त्वचेच्या भागात सुरकुत्यांच्या दिशेने टाके घातले की व्रण त्यांतच लपतो. त्वचारोपण करावयाचे तर कानामागची किंवा कानापुढची पूर्ण जाडीची त्वचा घेतात, कारण तिचा रंग व पोत चेहऱ्याशी जुळतो. उघड्या अस्थीवर वा कूर्चेवर मात्र अशी त्वचा जगत नाही. तेथे स्वतःचा रक्तपुरवठा बरोबर घेऊन येणारा फ्लॅपच लागतो. ओठाचा सुमारे एक तृतीयांशापर्यंतचा भाग गेला तर उरलेला ओठ थेट शिवता येतो.

नाकाच्या मोठ्या जखमेसाठी कपाळावरील फ्लॅप आजही सर्वोत्तम मानला जातो, आणि त्याच्या इतिहासात पुण्याचे स्थान मोठे आहे. गालाच्या त्वचेपासून नाक घडविण्याची कृती सुश्रुतसंहितेत आहेच. टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रज सैन्याकडे बैल हाकणारा कावसजी कैद झाला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मधील ऑक्टोबर १७९४ च्या वृत्तान्तानुसार मेणाचा साचा कपाळावर ठेवून त्वचा आखण्यात आली, ती दोन डोळ्यांमधल्या देठावर फिरवून खाली आणण्यात आली आणि काथाच्या लेपाने बसविण्यात आली. देठ पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तोडला जाई. हा वृत्तान्त वाचूनच जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली. त्या कारागिराचे नाव वृत्तान्तात नोंदविले गेले नाही, ही खेदाची गोष्ट होय.

आज देठ भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणाऱ्या रोहिणीवर बेततात आणि साधारण तीन आठवड्यांनी तोडतात. १९८५ मध्ये बर्गेट आणि मेनिक यांनी नाकाचे शेंडा, कणा, नाकपुड्या असे उपविभाग कल्पिले. एखाद्या उपविभागाचा निम्म्याहून अधिक भाग गेला असेल तर उरलेलाही काढून तो संपूर्णपणे नव्याने घडवावा, असे त्यांनी मांडले. सांधा नैसर्गिक छायारेषेत पडला की नजर तेथे अडखळत नाही. निरोगी त्वचा मुद्दाम काढणे विचित्र वाटले तरी हे तत्त्व अनुभवाने टिकले आहे. मात्र ते पुनर्रचनेचे तत्त्व आहे. उच्छेदनाची व्याप्ती त्यावरून ठरविता येत नाही.

भारतात मोज पद्धतीची सोय मोजक्याच ठिकाणी आहे. तथापि तिच्यामागील शिस्त जिल्हा पातळीवरही पाळता येते. काढलेल्या तुकड्याच्या वरच्या टोकाला धाग्याची खूण करावी, त्याचे रेखाचित्र अहवालासोबत पाठवावे, जखमेवर तात्पुरती मलमपट्टी करावी आणि अंतिम अहवाल हाती येईपर्यंत पुनर्रचना थांबवावी. ते सात-आठ दिवस रुग्णाला उघड्या जखमेनिशी काढावे लागतात आणि आरसा टाळावासा वाटतो. म्हणूनच हा विलंब कशासाठी आहे, हे त्याला व त्याच्या घरच्यांना शस्त्रक्रियेपूर्वीच, त्यांच्या भाषेत समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग ठरतो.