खेळाडू मुलांचीं छायाचित्रें : एक लहानसा धंदा

आमच्या वऱ्हाडांत दिवाळी उलटली म्हणजे दोन देखावे बरोबरच दृष्टीस पडतात. शेतांत कापसाची वेचणी चाललेली असते आणि शाळांच्या मैदानांवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा उमटूं लागतात. कबड्डी, खो-खो, धांवणें, लांब उडी यांच्या स्पर्धा सुरू होतात. मैदानाच्या कडेला, मुलांच्या आरोळ्यांच्या गर्दींत, हातांत कॅमेरा घेतलेला एखादा तरुणही अलीकडे हटकून दिसतो. पुष्कळ वेळां तो आमचाच माजी विद्यार्थी असतो. परीक्षा होऊन गेलेली असते, नोकरी लागलेली नसते, आणि वडिलांनीं किंवा मामानें घेऊन दिलेल्या कॅमेऱ्यावर चार पैसे मिळवावे असें त्याच्या मनांत असतें. "सर, मुलांचे फोटो काढून पालकांना विकले तर चालेल का?" हा प्रश्न आम्हांस इतक्या वेळां विचारण्यांत आला आहे कीं, त्याचें उत्तर एकदां सविस्तर लिहून ठेवावें असें आम्हीं ठरविलें. आम्ही धंद्यानें छायाचित्रकार नव्हे. परंतु शाळेच्या क्रीडास्पर्धांची व्यवस्था बरींच वर्षें पाहत आल्यामुळें या कामांतील यश व अपयश हीं दोन्ही आम्हीं जवळून पाहिलीं आहेत.

या धंद्यास आपला प्रांत अनुकूल आहे. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, आणि १९३६ सालीं त्या मंडळाच्या पथकानें बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं आपले देशी खेळ जगाला करून दाखविले. अमरावतीचा जितेश शर्मा व अकोल्याचा अथर्व तायडे हे विदर्भाच्या संघांतून खेळून आयपीएलपर्यंत पोहोंचले. अशा प्रांतांत आपलें मूल मैदानावर उतरलें याचा अभिमान आई-बापांस वाटावा, यांत नवल नाहीं. परंतु अभिमान असला म्हणजे चित्र आपोआप विकलें जातें असें मात्र नाहीं.

सहा-सात वर्षांपूर्वींची गोष्ट. एका आंतरशालेय स्पर्धेंत आमच्या एका विद्यार्थ्यानें पहिल्याच दिवशीं तीनशेंवर चित्रें घेतलीं. त्यांतील चाळीस निवडून, पदरचे पैसे घालून त्यानें तीं छापून आणलीं व मंडपांत दोरीला टांगलीं. चित्रें खरोखरच सुबक होतीं. फीत छातीनें तोडणारा मुलगा, चषक उंचावणारा संघ, पदक गळ्यांत घातलेली मुलगी. सायंकाळीं पालक आले, त्यांनीं चित्रें पाहिलीं, वाहवा केली, आणि बहुतेक तसेच परत गेले. चाळिसांपैकीं नऊ चित्रें खपलीं. त्या गर्दींत एक गृहस्थ दोन वेळां सबंध दोरी पाहून गेले. ते जिनिंगमधून कामावरून तसेच आलेले दिसत होते. केसांत सरकीचे तंतू अडकलेले होते. आम्हीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, "माहा पोरगा कुठीच दिसत नाही, सर." त्यांचा मुलगा १५०० मीटरच्या शर्यतींत शेवटून दुसरा आला होता. त्याचें चित्र कोणीं काढलेंच नव्हतें. दोष त्या तरुणाचा एकट्याचा नव्हता. विजेत्यांची तेवढी यादी आम्हींच त्याच्या हातीं दिली होती.

या धंद्याचें मर्म त्या दिवशीं आमच्या ध्यानांत आलें. वर्तमानपत्रास विजेत्याचें चित्र हवें असतें. पालकास आपल्या मुलाचें हवें असतें. आठ मुलांच्या शर्यतींत विजेता एक, पण घरें आठ. कबड्डीच्या मैदानांत एका वेळीं दोन्ही बाजूंचीं मिळून १४ मुलें असतात. खो-खोंत पाठलाग करणारीं ९ व पळणारीं ३ मिळून १२. जो छायाचित्रकार केवळ पहिल्या क्रमांकावर दृष्टि ठेवतो तो बाकीच्या घरांचे दरवाजे स्वतःच्या हातानें बंद करून घेतो. म्हणून सामना सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक मुलाचा छातीवरील क्रमांक वहींत लिहावा, आणि ज्याचें चित्र मिळालें त्यापुढें खूण करावी. खूण नसलेला क्रमांक शेवटीं एकही राहूं नये.

आतां चित्र घेण्याच्या रीतीविषयीं. १८३९ सालीं फ्रान्समध्यें दागेर याची पद्धति जगापुढें आली, तेव्हां एका चित्रास कित्येक मिनिटें लागत. पुढेंही बरींच वर्षें बसणाऱ्याची मान हालूं नये म्हणून तिला मागून लोखंडी टेका लावीत. १८७८ सालीं अमेरिकेंत मायब्रिज यानें ओळीनें १२ कॅमेरे मांडून धांवत्या घोड्याचीं चित्रें घेतलीं, आणि घोड्याचे चारही पाय एका क्षणीं जमिनीवरून सुटलेले असतात हें दाखवून दिलें. आज आपल्या हातांतील कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतें उघडून मिटतें. याचा उपयोग लहानशा गणितानें समजेल. समजा, मुलगा सेकंदास ५ मीटर या वेगानें धांवत आहे. शटर सेकंदाचा ५० वा भाग उघडें राहिलें तर तेवढ्यांत तो १० सेंटिमीटर पुढें सरकतो, आणि चित्रांत त्याचें तोंड पुसट होतें. ५०० वा भाग घेतला तर तो एकच सेंटिमीटर सरकतो. १००० वा भाग घेतला तर अर्धा. म्हणून धांवण्याच्या चित्रास ५०० व्या भागाहून अधिक वेळ देऊं नये. शिवाय समोरून येणारें मूल आडव्या धांवणाऱ्या मुलापेक्षां चित्रांत कमी सरकतें. यासाठीं शेवटच्या रेषेच्या पलीकडे, थोडें बाजूस उभें राहावें. पंचांच्या व धांवणाऱ्यांच्या वाटेंत मात्र कधींही येऊं नये.

उन्हाचाही विचार करावा. आपल्याकडे हिवाळ्यांत सकाळीं दहा वाजेपर्यंतचें ऊन तिरपें व सौम्य असतें. दुपारीं तें डोक्यावर येतें, भुवयांखालीं काळी सावली पडते, आणि आपल्या काळ्या मातींतून उजेडही फारसा परतून वर येत नाहीं. तेव्हां महत्त्वाचीं चित्रें सकाळींच उरकावीं. लहान मुलांचें चित्र घेतांना गुडघ्यावर बसावें; उभ्यानें घेतलें तर डोक्याचे केस तेवढे दिसतात. मल्लखांबावर चढलेल्या मुलाच्या डोळ्यांवर फ्लॅशचा झोत कधींही टाकूं नये. चित्र बिघडलें तर दुसरें घेतां येईल; मूल वरून पडलें तर काय करावें? मोबाइलच्या कॅमेऱ्यानें सुरुवात करण्यास हरकत नाहीं, परंतु लांबून बोटांनीं ओढून मोठें केलेलें चित्र फुटतें. त्यापेक्षां चार पावलें जवळ जावें. ४ इंच × ६ इंच आकाराच्या चांगल्या छपाईस १२०० × १८०० म्हणजे सुमारें २१ लाख ६० हजार बिंदू पुरतात. २ कोटी ४० लाख बिंदूंच्या कॅमेऱ्यानें घेतलेल्या सांघिक चित्रांतून एकेका मुलाची आकृति कापून वेगळी काढतां येते ती यामुळेंच.

यापुढील गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि ती म्हणजे परवानगी. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढें आणला हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वीं त्यांनीं गोध्रा येथें छायाचित्रांचें दुकान घातलें होतें हें पुष्कळांस ठाऊक नसेल. पुढें बडोद्यास त्यांचा हाच धंदा चालेना, कारण कॅमेरा माणसाच्या अंगांतील शक्ति शोषून घेतो असा समज गांवांत पसरला होता, असें सांगतात. आज तो समज हास्यास्पद वाटेल. परंतु आजच्या आईच्या मनांतील भीति मात्र खरी आहे. माझ्या मुलीचें चित्र कोणाच्या मोबाइलवर जाईल, कोठें लावलें जाईल, त्याचें कोणी काय करील, हें तिला कळलें पाहिजे. २०२३ सालीं आपल्या देशांत डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यांत १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानलें असून, अशा बालकाची माहिती हाताळण्यापूर्वीं पालकांची पडताळून पाहतां येईल अशी संमति घेणें आवश्यक ठरविलें आहे.

म्हणून नवशिक्या छायाचित्रकारानें तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, स्पर्धेपूर्वीं मुख्याध्यापकांस व स्पर्धेच्या चालकांस लेखी अर्ज करावा, आणि शाळेमार्फत पालकांकडे संमतीची चिठ्ठी पाठवावी. दुसरी, ज्या पालकानें नकार दिला त्याच्या मुलाचा क्रमांक वहींत निराळा लिहून त्याचें चित्र घेऊं नये. चुकून आलें तर पुसून टाकावें. तिसरी, चित्रें सर्वांस उघडीं दिसतील अशा जागीं टाकूं नयेत. ज्याचें मूल त्यालाच लहान आकाराचा नमुना दाखवावा, आणि मुलाच्या नांवाऐवजीं क्रमांकच लिहावा. येथें कायद्याची आणखी एक बाजू सांगून ठेवतों. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें छायाचित्राचा प्रथम हक्क सामान्यतः चित्र घेणाराचा असतो. परंतु कोणीं मोबदला देऊन सांगून काढवून घेतलें असेल, आणि निराळा करार नसेल, तर तो हक्क काढवून घेणाराचा होतो. तेव्हां शाळेनें पैसे देऊन बोलाविलें असेल तर तीं चित्रें पालकांस विकण्याची मुभा आहे कीं नाहीं, हें आधींच कागदावर लिहून घ्यावें.

किंमत ठरवितांना बहुतेक मुलें फसतात. छपाईचा खर्च तेवढा धरतात व आपला दिवस धरीत नाहींत. एक उदाहरण करून पाहूं. समजा, अमरावतीचा मुलगा अकोल्यास स्पर्धेसाठीं गेला. जाण्या-येण्याचा व खाण्याचा खर्च ३०० रुपये, कॅमेऱ्याची झीज ३०० रुपये, आणि स्वतःची दिवसाची मेहनत ९०० रुपये; एकूण १५०० रुपये. एका चित्राची छपाई व पाकीट मिळून २० रुपये. पन्नास चित्रें खपलीं तर प्रत्येकावर ३० रुपयांचा भार पडतो, आणि किंमत ५० रुपये येते. तीसच खपलीं तर भार ५० रुपयांचा होऊन तेंच चित्र ७० रुपयांस पडतें. यांतून दोन बोध निघतात. मागणी येण्यापूर्वीं एकही चित्र छापूं नये. आणि थोड्या चित्रांची किंमत वाढवीत बसण्यापेक्षां अधिक घरांपर्यंत पोहोंचावें. किंमत सर्वांस एकच असावी व ती फलकावर लिहिलेली असावी. मोटारींतून उतरणाऱ्यास एक व सायकलीवर येणाऱ्यास दुसरी, असें केल्यास गांवांत नांव राहत नाहीं. पैसे रोख घ्या किंवा मोबाइलवरून घ्या, पावती द्या, आणि चित्र कोणत्या दिवशीं मिळेल तें पावतीवर लिहा. लहान मुलास चित्र दाखवून "बाबांकडे हट्ट कर" असें सांगणें हा सर्वांत हलका मार्ग होय. तो आमच्या कोणत्याही विद्यार्थ्यानें धरूं नये.

पहिल्या वर्षीं हिरमुसलेला आमचा तो विद्यार्थी पुढील हिवाळ्यांत पुन्हां मैदानावर आला. या खेपेस त्याच्याजवळ वही होती. १५०० मीटरच्या शर्यतींत तो शेवटच्या वळणावर गुडघे टेकून बसला, आणि शेवटचें मूल येऊन जाईपर्यंत उठला नाहीं. जिनिंगमधील त्या गृहस्थांचा मुलगा याही वर्षीं पहिला आला नाहीं, पांचवा आला. चित्रांत त्याच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती, दांत आवळलेले होते, आणि मागें-पुढें कोणी नव्हतें. वडिलांनीं तें चित्र हातांत घेऊन पुष्कळ वेळ पाहिलें. शेजारचा कोणी म्हणाला, "पयला नाही आला वाटते?" त्यावर ते म्हणाले, "पयला नाही आला त काय झालं, पयाला त!" आपल्या वऱ्हाडी बोलींत 'पहिला' व 'पळाला' हे शब्द किती जवळ येतात, हें आम्हांस मराठी शिकवीत असूनही तोपर्यंत सुचलें नव्हतें.

त्या तरुणास गहिंवरून आलें, व तो पैसे घेईना. तेव्हां ते गृहस्थ जवळजवळ रागावलेच. "फुकट कायले? तू दिवसभर उनात उभा रायला न बा," असें म्हणून त्यांनीं पन्नासाची नोट त्याच्या वहींत ठेवली. त्यांचें म्हणणें योग्य होतें. कष्टाचा मोबदला देतांना त्या बापाचा मान राहिला, आणि घेतांना त्या मुलाचाही.

यंदाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेंत ज्या माजी विद्यार्थ्यांस चित्रें घ्यावयाचीं असतील त्यांनीं एक आठवडा अगोदर अर्ज घेऊन आम्हांस भेटावें. संमतीच्या चिठ्ठ्या शाळा पाठवील. क्रमांकांची यादी आम्ही देऊं, आणि या वेळीं ती सर्व मुलांची असेल.