तांत्रिक सेवेत पदवीचे स्थान : भिवपुरीच्या निमित्ताने एक विचार

तांत्रिक नोकरीसाठी पदवी आवश्यक आहे काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात दिले जाते. परंतु नेमणुकीच्या वेळी पदवी नेमके कोणते कार्य करते, हे पाहिल्यावाचून त्याचा निर्णय करता येणार नाही.

अर्थशास्त्रात याविषयी दोन मते प्रसिद्ध आहेत. गॅरी बेकर यांनी १९६४ साली मांडलेल्या विचारानुसार शिक्षण मनुष्याची उत्पादनक्षमता वाढविते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली दाखविले की, शिक्षणाने क्षमता मुळीच वाढली नाही, तरीही पदवीला मोल येऊ शकते. कारण मालकास न दिसणाऱ्या गुणवत्तेची ती खूण असते. या खुणेची गरज किती, हे गुणवत्ता अन्य मार्गाने पारखण्यास काय किंमत पडते यावर अवलंबून राहील.

कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे जलविद्युत्केंद्र १९२२ साली सुरू झाले. ठोकरवाडी जलाशयाचे पाणी सह्याद्रीवरून पाचशे मीटरांहून अधिक खाली आणून तेथे वीज निर्माण होते. अशा ठिकाणी उमेदवारास चूक करू देऊन त्याची पारख करणे शक्य नाही. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्याचे काम तासाभरात तपासता येते व चूक पुसताही येते. म्हणून त्या क्षेत्रात पदवीवाचून प्रवेश मिळणे तुलनेने सुलभ. वीजकेंद्रात मात्र कायदाच खूण मागतो. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांनी केंद्रातील अभियंते व पर्यवेक्षक यांना पदवी वा पदविका, आणि तंत्रज्ञांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. मात्र त्याच विनियमांनी या सर्वांना केंद्राच्या कामाचे स्वतंत्र प्रशिक्षणही बंधनकारक केले. म्हणजे पदवी प्रवेशापुरती पुरेशी, कामापुरती नव्हे, हे कायद्यानेच मान्य केले.

या दोहोंमधील मार्ग १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाने खुला केला. अनुभवी कारागिराच्या देखरेखीखाली शिकणाऱ्याची पारख कामातच होते. चुकीचा धोका आवरला जातो आणि खुणेवरील भिस्तही कमी होते.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. भिवपुरी येथे १,००० मेगावॅटच्या उदंचन जलविद्युत् प्रकल्पासाठी राज्यशासनाशी २०२३ साली सामंजस्य करार झाला. अशा कामांत कर्जत-खालापूरच्या तरुणांना कोणत्या पायरीवर स्थान मिळेल, हे त्यांनी आज कोणते शिक्षण निवडले यावर बऱ्याच अंशी ठरेल. जोडारी वा वीजतंत्री यांच्या जागेसाठी त्या व्यवसायाचे प्रमाणपत्र मागितले असता अभियांत्रिकीची पदवी त्याचे काम करीलच असे नाही. आणि पर्यवेक्षकाच्या जागेसाठी केवळ अनुभव पुरणार नाही.

तात्पर्य, पदवीचे महत्त्व सर्वत्र सारखे नसते. जेथे चूक स्वस्त, तेथे कौशल्य स्वतःच साक्ष देते. जेथे चूक प्राणावर बेतते, तेथे आधी कागद मागितला जातो. मात्र तो कागद मिळविण्याची संधी सर्वांना सारखी नसेल, तर सुरक्षिततेसाठी घातलेली अट स्थानिक उमेदवारास वगळणारी ठरेल. म्हणून पदवीची अट शिथिल करण्यापेक्षा शिकाऊ उमेदवारीच्या जागा वाढविणे हा अधिक युक्त उपाय होय.