दातातलं सिमेंट म्हणजे नुसतं बूच नव्हे

दाढ ठणकायला लागली की वस्तीत दोनच सल्ले मिळतात. एक, लवंग दाबून धर. दुसरा, काढून टाक म्हणजे कटकट मिटेल. लवंगेने दुखणं घटकाभर दबतं, कीड थांबत नाही. आणि काढलेली पक्की दाढ परत येत नाही. शेजारचे दात त्या रिकाम्या जागेकडे कलतात, समोरचा दात आपल्या जागेवरून पुढे सरकतो, तिथलं जबड्याचं हाड झिजतं. चाळिशीतच भाकरी कुस्करून खाणारी माणसं आपल्या घराघरांत आहेत.

दात भरणं म्हणजे भोक बुजवणं, एवढंच आपण समजतो. जुन्या चांदीच्या बाबतीत ते बरंचसं खरं होतं. तिच्यात निम्म्याच्या आसपास पारा असतो. ती टिकते, पण दाताशी तिचं नातं नसतं, खळग्यात अडकून बसते एवढंच. गेल्या पन्नास-साठ वर्षांत मात्र वेगळ्या जातीचे पदार्थ तयार झाले. ते दाताशी आणि हाडाशी देवाणघेवाण करतात. त्यांना बायोअ‍ॅक्टिव्ह म्हणतात. त्यातला सगळ्यात साधा पदार्थ महागडा नाही, म्हणून आपल्याला तो माहीत असायला हवा.

हाडाला चिकटणारी काच

शरीरात धातूचा किंवा प्लास्टिकचा तुकडा बसवला की शरीर बहुधा त्याच्याभोवती चिवट पापुद्रा तयार करतं. परक्याला कोंडून ठेवावं, तसं. १९६७ साली अमेरिकेत लॅरी हेंच नावाचे शास्त्रज्ञ बसने एका परिषदेला निघाले होते. सोबत व्हिएतनाम युद्धातून परतलेला एक लष्करी अधिकारी होता. जखमी जवानांचे हातपाय कापावे लागतात, शरीर नाकारणार नाही असा पदार्थ बनवता येईल का, असं त्याने विचारलं. हेंच यांनी काचेत कॅल्शियम आणि फॉस्फरस घातलं, म्हणजे हाडातच असतं ते. १९६९ साली फ्लोरिडा विद्यापीठात तिचे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी काढायला गेले तर ते निघेनात. हाड आणि काच एकमेकांना घट्ट चिकटली होती.

ही काच शरीरातल्या पाण्यात हळूहळू विरघळते आणि तिच्या पृष्ठभागावर हाडातल्या खनिजासारखा थर धरतो. शरीर त्याला आपलंच मानतं.

माती आणि भुसा

काच ठिसूळ असते. म्हणून तिला दुसऱ्या पदार्थाची जोड देतात. नुसत्या मातीची भिंत तडकते, म्हणून माती मळताना आपण भुसा घालतो. असे दोन पदार्थ एकत्र केले की त्याला कॉम्पोझिट म्हणतात. आपलं हाडही तसंच आहे. त्यात चिवट धाग्यांसारखं प्रथिन असतं आणि त्यात रुतलेलं कडक खनिज असतं. लंडनमध्ये विल्यम बॉनफील्ड यांनी १९८०च्या दशकात हेच खनिज आणि पॉलिथिन एकत्र करून हाडाच्या जागी वापरता येईल असा पदार्थ बनवला. कानातल्या नाजूक हाडांसाठी आणि डोळ्याखालच्या मोडलेल्या हाडासाठी तो वापरला गेला.

हाडात मोठी पोकळी राहिली तर डॉक्टर बहुतेक वेळा कमरेच्या हाडातून तुकडा घेऊन ती भरतात. म्हणजे दुखणं एका जागी आणि जखम दोन जागी. कृत्रिम दाणे वापरता आले तर ही दुसरी जखम टळू शकते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत अशा पदार्थांवर अनेक वर्षं काम झालं आहे.

दातात हे कसं चालतं

गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्यातून आम्ल तयार करतात. ते दाताच्या वरच्या कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट ओढून घेतं. लाळ ते पुन्हा भरत असते. दिवसभर बिस्किट, गोड चहा, चॉकलेट चालू राहिलं की लाळेचं काम अपुरं पडतं आणि दात पोखरत जातो.

इथे उपयोगी पडतं ते ग्लास आयोनोमर सिमेंट. लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते तयार केलं. काचेची पूड आणि सौम्य आम्ल कालवलं की ते काही मिनिटांत घट्ट होतं. ते दातातल्या कॅल्शियमला चिकटतं आणि फ्लोराइड सोडत राहतं. फ्लोराइडच्या पेस्टने दात घासले की त्याचा फ्लोराइडचा साठा थोडा पुन्हा भरतो. हाताच्या साध्या अवजारांनी कीड खरवडून ते भरता येतं, म्हणजे वीज नाही, मशीन नाही. १९८०च्या दशकात आफ्रिकेतल्या टांझानियात ही पद्धत सुरू झाली ती याच कारणाने. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हे सिमेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

त्याची मर्यादाही सांगायला हवी. हे सिमेंट झिजतं. चावण्याच्या बाजूला मोठा खड्डा असेल तर ते तुटू शकतं. तिथे दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट जास्त टिकतं. ते प्लास्टिक आणि काचेच्या बारीक पुडीचं असतं आणि निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. पण घट्ट होताना ते किंचित आकसतं आणि भरताना दात कोरडा लागतो. त्यातच बायोअ‍ॅक्टिव्ह काच मिसळून कॅल्शियम सोडणारं कॉम्पोझिट बनवण्याचं काम आता चालू आहे.

कीड नसेजवळ पोचली असेल तर आणखी एक पदार्थ आहे, एमटीए. बांधकामाच्या सिमेंटच्याच कुळातला, पण शुद्ध करून दातासाठी बनवलेला. तो ओलाव्यात घट्ट होतो. नस जिवंत असेल तर त्याच्याखाली दात स्वतःचा नवा कडक थर तयार करू शकतो. मग रूट कॅनल टळण्याची शक्यता असते.

नावाला भुलू नका

बायोअ‍ॅक्टिव्ह शब्द आता जाहिरातीतही आला आहे. या काचेची पूड असलेली पेस्ट दाताच्या झिणझिण्या कमी करायला मदत करते. पण पडलेलं भोक कोणतीही पेस्ट भरत नाही. रोजच्यासाठी फ्लोराइड असलेली साधी पेस्ट पुरते. मिश्री मात्र बंद करा. तंबाखूने हिरडी आणि तिच्याखालचं हाड खराब होतं. हाडच गेलं तर चांगला भरलेला दातही हलायला लागतो.

घरी आजच काय पाहाल

सहा वर्षांच्या आसपासच्या मुलाचं तोंड उजेडात उघडून बघा. दुधाच्या दातांच्या मागे, कोणताही दात न पडता, वरखाली दोन्ही बाजूंना एकेक अशा चार नव्या दाढा येतात. दुधाचीच आहे, पडेल, असं समजून या दाढांकडे दुर्लक्ष होतं. त्या पक्क्या असतात, जन्मभराच्या. त्यांच्या खाचेत काळा ठिपका किंवा खड्डा दिसला तर दुखण्याची वाट पाहू नका. न दुखणारी कीड एका फेरीत भरून होते. दुखायला लागल्यावर फेऱ्या वाढतात आणि तितके रोज बुडतात.

मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आणि सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. केसपेपर काढून डॉक्टरांना विचारा:

ही दाढ वाचण्यासारखी आहे का?
नस जिवंत आहे का?
काय भरणार, सिमेंट, कॉम्पोझिट की एमटीए? तेच का?
खर्च किती आणि पुन्हा कधी दाखवायचं?

भरलेल्या पदार्थाचं नाव केसपेपरवर लिहून घ्या. सिमेंट भरल्यावर निदान तासभर काही खाऊ नका. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. विष नसेतून पुढे पसरल्याची ती खूण असते.

काही दाढा काढाव्याच लागतात, त्याला इलाज नसतो. दाढ काढली की नजर जाते, ही भीती मात्र खोटी आहे. पण वाचणारी दाढ केवळ कोणी विचारलं नाही म्हणून काढली जाऊ नये. खुर्चीवर बसल्यावर "काढा" म्हणण्याआधी "वाचेल का?" हा प्रश्न विचारा. तो विचारायला पैसे पडत नाहीत.